चामड्याची वादी घरीच कापायची आणि तासायची: दोन साधी हत्यारं

कोल्हापुरी चपलेचा पट्टा एकदा जवळून पाहा. त्यावरून गेलेली वेणी बारीक वाद्यांची, म्हणजे चामड्याच्या लांब अरुंद पट्ट्यांची असते, आणि अस्सल हातबनावटीच्या चपलेत शिवणसुद्धा दोऱ्याऐवजी वादीनंच घातलेली असते. तबल्याच्या पुडीला, म्हणजे वरच्या चामड्याला, ताण देणारी चामड्याची पट्टी, तीही वादीच. चामड्याचं कुठलंही हातकाम शिकायला घेतलं की चार-आठ दिवसांत वादी लागतेच: पाकिटाच्या कडा गुंफायला, वेणीचा पट्टा करायला, तुटलेली चप्पल शिवायला.

नवशिक्याची गाडी अडते ती इथेच. तयार वादी हवी त्या रुंदीची मिळेलच असं नाही. पोलादी पट्टी ठेवून कटरनं सरळ पट्ट्या कापाव्यात, तर त्यांची लांबी चामड्याच्या तुकड्याएवढीच राहते. हातानं गोल कापत जावं तर कुठे दोन मिलिमीटर, कुठे पाच. अशा वादीची वेणी घातली की ती एका अंगाला वळते.

जुने कारागीर रापीनं, म्हणजे चांभाराच्या रुंद पात्याच्या सुरीनं, नुसत्या हातावर एकसारखी वादी काढतात. ऑस्ट्रेलियात कांगारूच्या चामड्याचे चाबूक विणणारे अंगठ्याचं नख पात्यापासून ठरावीक अंतरावर टेकवतात आणि चामडं ओढत नेतात. ते नखच त्यांची मोजपट्टी. या हातांमागे वर्षांचा सराव आहे आणि मला त्याचा मनापासून आदर आहे. पण त्या नखाकडे नीट पाहिलं की मुद्दा कळतो. रुंदी ठरवतं ते पातं आणि नख यांच्यातलं अंतर. ते अंतर लाकडात कायमचं बांधून टाकलं, पातं घट्ट बसवलं आणि फक्त चामडं हलवलं, तर पहिल्याच दिवशी तुमची वादी सारखी निघेल. जाडीचंही तसंच. खालची दोन्ही हत्यारं याच एका गोष्टीवर उभी आहेत, आणि त्यांत कुठेही बारीक मापाचं सुतारकाम नाही. मापाचं काम सनमायका आणि कागद करतात.

आधी चामडं

झाडाच्या सालीवर कमावलेलं चामडं घ्या. कोल्हापुरीसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, ते याच जातीचं. ते ताठ असतं, स्वच्छ कापलं जातं, ओलं करून ताणलं की ताणलेलंच राहतं. क्रोमवर कमावलेलं मऊ चामडं, म्हणजे पर्स-जाकिटाचं, पात्यापुढे गोळा होतं आणि रबरासारखं ताणतं. सवय झाल्यावर त्याचीही वादी काढता येते, सुरुवात मात्र त्यानं करू नका.

जाडी 1.2 ते 1.6 मिलिमीटर असावी. शेळीचं चालतं, म्हशीचं तासून पातळ केलेलंही चालतं. पाठीकडचा भाग निवडा. पोटाकडचं चामडं सैल असतं. त्यातून निघालेली वादी एका जागी ताणते, दुसऱ्या जागी ताणत नाही, आणि वेणीत ते लगेच दिसतं. चप्पल किंवा पट्टे करणाऱ्यांकडे कापून उरलेले तुकडे असतात. हात बसेपर्यंत तेच मागून आणा. तळहाताएवढ्या तुकड्यातूनही भरपूर वादी निघते.

किती निघते, याचा हिशेब सोपा आहे आणि तो सुरुवातीलाच समजून घ्यावा. चकतीचं क्षेत्रफळ भागिले वादीची रुंदी, म्हणजे वादीची लांबी. 10 सेंमी व्यासाच्या चकतीतून 3 मिमी रुंदीची वादी काढली आणि मधला 3 सेंमीचा गोळा सोडून दिला, तर सुमारे 2.4 मीटर मिळते. 15 सेंमीच्या चकतीतून 5.6 मीटर, 20 सेंमीच्या चकतीतून 10 मीटरच्या वर. चकती थोडी मोठी घेतली की लांबी खूप वाढते, म्हणून हातातल्या तुकड्यात बसेल ती सगळ्यात मोठी चकती आखा. तुकडा लांबोळका असेल तर लंबगोल आखा. अट एकच, कुठेही टोकदार कोपरा नको आणि आत वळलेली कड नको. वेणीच्या प्रत्येक पदराला लागणारी वादी वेणीच्या लांबीच्या दीडपट धरा, म्हणजे शेवटी कमी पडत नाही.

काय काय जमवायचं

पाट म्हणून सनमायका लावलेलं प्लायवूड, साधारण 30 × 25 सेंमी. स्वयंपाकघराच्या कपाटाचं काम चालू असेल तिथे सुताराकडे असे तुकडे पडलेले असतात. त्याच्याकडूनच सनमायकाच्या सुट्या पट्ट्या मागा आणि सागवानाचे एक-दोन ठोकळे घ्या. ठोकळ्यासाठी प्लाय नको, त्याचे थर सुटतात. कटरची 18 मिमी रुंदीची पाती, जाडजूड कटरमध्ये असतात ती. 9 मिमीची अरुंद पाती लवतात. दोन लोखंडी पट्ट्या, 2–3 मिमी जाडीच्या, बोटाएवढ्या. स्क्रू, ड्रिल किंवा गिरमिट, हॅक्सॉ, पक्कड, गुण्या, पॉलिश पेपर, फेविकॉल. आणि छपाईचा साधा 80 जीएसएमचा कागद. त्याची जाडी जवळजवळ 0.1 मिमी असते, म्हणजे घरात आपोआप मिळालेलं एक बारीक माप आहे ते.

पात्याचा तुकडा मोडायचा तर तो जाड फडक्यात गुंडाळून पक्कडीनं मोडा आणि चष्मा लावा. तुटलेला तुकडा उडतो कुठे ते दिसतही नाही.

पहिलं हत्यार: छज्जाचं कटर

घराला छज्जा असतो ना, भिंतीच्या पुढे आलेला, तशी याची रचना आहे. पाटावर एक ठोकळा बसवायचा, पण थेट नाही. त्याच्याखाली सनमायकाची पट्टी घालायची, आणि ती पट्टी ठोकळ्याच्या दर्शनी बाजूपासून 3 मिमी आत ठेवायची. ठोकळा पट्टीच्या पुढे 3 मिमी आला. हा झाला छज्जा, आणि तुमच्या वादीची रुंदी तेवढीच. चामड्याची कड छज्जाखाली शिरते आणि आतल्या पट्टीला टेकते. छज्जाच्या दर्शनी बाजूला चिकटून बसवलेलं पातं तिथेच कापतं.

1. सागवानाचा ठोकळा 8 सेंमी लांब, 4 सेंमी रुंद, 3 सेंमी उंच घ्या. त्याची 8 × 3 ची एक बाजू पूर्ण सपाट आणि खालच्या बाजूशी काटकोनात हवी. गुण्या लावून पाहा. कमी-जास्त असेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर घासा. या एका बाजूवर घालवलेला अर्धा तास पुढे कामी येतो.

2. सनमायकाची पट्टी 8 सेंमी लांब, 3.2 सेंमी रुंद कापा. 4 सेंमीच्या ठोकळ्याखाली ती अशी ठेवा की पुढे 3 मिमी आणि मागे 5 मिमी छज्जा राहील. म्हणजे एकाच ठोकळ्यात दोन रुंदी मिळाल्या. पुढे 3 ची, मागे 5 ची. पट्टीची लांब कड मार्गदर्शक आहे, ती गुळगुळीत घासा आणि तिच्यावर मेणबत्ती फिरवा.

3. पट्टीची जाडी म्हणजे फटीची उंची. चामडं फटीत विनासायास सरकावं, पण वर-खाली हलू नये. सनमायका साधारण 1 मिमी असतो. चामडं 1.5 मिमी असेल तर पट्टीवर तिच्याच लांबी-रुंदीचा जाड पुठ्ठा ठेवून उंची वाढवा. फट फार मोठी झाली तर चामड्याची कड आत दुमडते आणि वादी रुंद-अरुंद होते.

4. ठोकळा, पट्टी आणि पाट तिन्हींतून दोन भोकं पाडून वरून दोन स्क्रू आवळा. फेविकॉल लावू नका. पुढे वेगळ्या जाडीचं चामडं आलं की हे सगळं खोलावं लागणार आहे.

5. ठोकळ्याच्या दर्शनी बाजूला लागूनच, उजव्या टोकापासून 3 सेंमी आत, पाटात एक छोटा चर पाडा. हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा कापडात धरून घासला की सनमायका कापला जाऊन 2 मिमीचा चर होतो. लांबी 2 सेंमी पुरे. पात्याचं टोक या चरात उतरतं, त्यामुळे चामड्याचा खालचा पापुद्रा कापायचा राहत नाही.

6. पातं दर्शनी बाजूवर सपाट टेकवा, धार डावीकडे. ते सरळ उभं ठेवू नका. वरचं टोक डावीकडे, म्हणजे ज्या बाजूनं चामडं येणार तिकडे झुकलेलं ठेवा, पाटाशी साधारण 60 अंशांत. असं झुकलेलं पातं चामड्याला कापता कापता खाली दाबतं. उलट झुकवलं तर तेच पातं चामड्याला वर उचलतं आणि मग रुंदी हातात राहत नाही. मी पहिल्यांदा ते सरळ उभं बसवलं होतं, आणि वादीची कड लाटांसारखी का येते हे शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

7. पात्यावर लोखंडी पट्टी आडवी ठेवून पात्याच्या दोन्ही अंगांना एकेक स्क्रू आवळा. उजवीकडचा स्क्रू पात्याच्या पाठीला चिकटूनच बसू दे. चामड्याची ओढ पात्याला त्याच दिशेनं ढकलत असते आणि हा स्क्रू ती अडवतो. लोखंडी पट्टी पाटापासून निदान 8 मिमी वर हवी, म्हणजे चकती तिच्याखालून फिरते.

रुंदी किंचित वाढवायची असेल तर ठोकळा आणि पातं यांच्यामध्ये कागदाचा तुकडा घाला. एका कागदानं 0.1 मिमी वाढते. म्हणजे 3 मिमीच्या छज्जावर 3.3 ची वादी हवी तर तीन कागद. कमी करायची सोय यात नाही, म्हणून छज्जा ठेवतानाच किंचित कमी ठेवलेला बरा.

वादी काढायची कशी

चकती काळजीपूर्वक कापा, कारण चकतीची कड खडबडीत असेल तर तीच लहर वादीच्या पहिल्या फेऱ्यात उतरते. कंपासनं आखा, कात्रीनं किंवा रापीनं कापा, कड पॉलिश पेपरनं हलकेच सारखी करा. पहिला फेरा बहुतेक वेळा थोडा वाकडाच येतो. तो बाजूला ठेवायचा, गाठी मारायला उपयोगी पडतो.

आता शेपूट. कडेपासून सुरुवात करून हळूहळू आत येत 5–6 सेंमी लांबीची पट्टी हातानं कापा, शेवटी ती 3 मिमी रुंद व्हायला हवी. ही शेपूट छज्जाखालून उजवीकडे काढा. चकती पात्याच्या धारेला भिडेल. शेपटीचं टोक पक्कडीनं धरा आणि ओढायला लागा.

डावा हात चकतीवर सपाट ठेवायचा, बोटं पात्यापासून लांब. त्या हाताचं काम चकतीला फिरू देणं आणि तिची कड आतल्या पट्टीला हलकेच टेकलेली ठेवणं, एवढंच. कापायचं काम उजव्या हाताच्या ओढीचं. चकती पात्यावर ढकलायचा मोह होतो, पण ढकललं की चामडं गोळा होतं. ओढ एकसारखी, सावकाश, पाटाला समांतर. वीतभर वादी निघाली की पक्कड पुन्हा पात्याच्या जवळ आणून धरा. लांब वादी धरून ओढलं तर मधल्या भागाला ताण बसतो आणि तिथे ती बारीक होते.

चकतीची कड पट्टीला नेमकी कुठे टेकते याकडे लक्ष द्या. गोल चकती सरळ पट्टीला एकाच बिंदूत टेकते, आणि तो बिंदू पात्याच्या धारेसमोरच हवा. मोठ्या चकतीत तो अर्धा सेंटिमीटर मागे-पुढे झाला तरी फरक 0.2 मिमीच्या आत राहतो. चकती लहान होत 4 सेंमीवर आली की तेवढ्याच चुकीनं वादी अर्ध्या मिलिमीटरहून जास्त अरुंद होते. म्हणूनच मधला 3 सेंमीचा गोळा सोडून द्यायचा, त्याच्यामागे लागायचं नाही.

चामडं कोरडं कडक असेल तर ओल्या फडक्यात तासभर गुंडाळून ठेवा. नुसतं दमट व्हावं, भिजू नये.

ताणून सरळ करणं

चकतीतून निघालेली वादी गुंडाळी मारते. ती साध्या पाण्यात बुडवून लगेच काढा, फडक्यानं टिपा, आणि दोन खिळ्यांमध्ये ओढून बांधा. तुटेल इतकी नाही, पण ताठ. सावलीत रात्रभर वाळू दे. उन्हात किंवा पंख्याच्या थेट वाऱ्यात वाळवलेली वादी कडक होऊन तडकते. सकाळी ती सरळ आणि किंचित अरुंद झालेली असते, शिवाय आधीपेक्षा कमी ताणते. कमजोर जागा असेल तर ती याच वेळी तुटते. तुटू दे, वेणीत तुटण्यापेक्षा हे बरं.

दुसरं हत्यार: तासणी

कापलेली वादी बहुधा जाड असते, आणि जाडी जागोजागी वेगळीही असते, कारण चामडं सगळीकडे सारखं नसतंच. वेणीसाठी 0.8 ते 1 मिमी जाडी सोयीची. रापीनं फरशीवर तासता येतं, आणि ते शिकावंही. पण पाच मीटर वादी एकसारखी तासायची तर तासणी हवी. तत्त्व आधीचंच: पातं स्थिर ठेवायचं, खाली ठरलेली फट ठेवायची, वादी त्यातून ओढायची.

मला या दोन हत्यारांमध्ये तासणीच जास्त मोलाची वाटते. रुंदीतला फरक बघणाऱ्याला सहसा जाणवत नाही. जाडीतला फरक बोटांना लगेच कळतो.

तळ म्हणून 15 × 6 सेंमीचा, 2 सेंमी जाडीचा सपाट तुकडा. त्यावर दोन उतरते ठोकळे बसवायचे. सागवानाचा तुकडा 5 सेंमी लांब आणि 4 सेंमीहून जरा जास्त रुंद घ्या. एका टोकाला उंची 3 सेंमी, दुसऱ्या टोकाला फक्त 2.5 मिमी, असा उतार त्याला कापून घ्या. हा साधारण 30 अंशांचा होतो. उतार घासून सपाट करा, आणि मगच तुकडा उभा चिरून दोन भाग करा. एकाच तुकड्याचे दोन भाग असल्यामुळे दोन्ही उतार तंतोतंत सारखे राहतात. दोन वेगळे उतार कापून जुळवत बसलात तर पातं एका बाजूला झुकतं आणि वादी एका कडेला पातळ निघते.

दोन्ही भाग तळावर शेजारी शेजारी, मध्ये 12 मिमीची गल्ली ठेवून चिकटवा. बारीक टोकं एकाच रेषेत हवीत. चिकटवताना त्यांच्यापुढे एक पट्टी टेकवून ठेवा. फेविकॉल पूर्ण वाळल्यावर खालून स्क्रूही मारा.

पातं दोन्ही उतारांवर आडवं टाका, धार खाली, बारीक टोकांच्या रेषेवर. पात्याच्या पाठीमागे, अगदी चिकटून, प्रत्येक उतारात एक स्क्रू, आणि त्या दोन स्क्रूंखाली पात्याच्या मागच्या अर्ध्या भागावर दाब देणारी लोखंडी पट्टी. इथेही स्क्रू दोन कामं करतात: पट्टी दाबतात आणि पात्याला मागे सरकू देत नाहीत. धारेचा पुढचा 1 सेंमी भाग मोकळा राहिला पाहिजे, कारण तासलेली साल त्यावरून वर चढणार आहे. पात्याची बाहेर आलेली दोन्ही टोकं चिकटपट्टीनं गुंडाळून टाका.

आता धार तळापासून सुमारे 2.5 मिमी वर आहे. गल्लीत सनमायकाची 12 मिमी रुंद पट्टी गुळगुळीत बाजू वर करून ठेवा. फट झाली 1.5 मिमी. सनमायकाखाली दोन कागद घातले की 1.3. काढले की परत 1.5. कागद आणि पट्टी ओढीबरोबर सरकू नयेत म्हणून येण्याच्या टोकाला एक बारीक स्क्रू मारा आणि त्याचं डोकं सनमायकात पूर्ण बुडवा, नाहीतर ते वादीला ओरखडेल. फट मोजायला कागदच वापरा. आठ कागदांची चवड धारेखालून जेमतेम सरकली की 0.8 मिमी. हे दोन्ही बाजूंना करून पाहा. एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला सात जात असतील तर पात्याखाली, त्या कमी बाजूच्या उतारावर, कागदाचा तुकडा ठेवा.

वापरताना तळ टेबलाला सी-क्लॅम्पनं घट्ट धरा. वादीचं टोक 4–5 सेंमी रापीनं हातानं पातळ करा, म्हणजे ते फटीतून पलीकडे जातं. गुळगुळीत बाजू खाली, खरबरीत बाजू पात्याकडे. हे उलटं झालं तर चामड्याची सगळ्यात मजबूत बाजूच तासली जाते आणि वादी हातात तुटते. आंघोळीच्या साबणाच्या ओल्या वडीवरून वादी एकदा ओढून घ्या. मग टोक पक्कडीत धरून ओढा, आणि एकदा सुरू केलं की थांबू नका. थांबलात की त्या जागी पायरी पडते. ओढ तळाला समांतर ठेवा. हात वर गेला तर वादी पात्यावर उचलली जाते आणि तिथल्या तिथे कापली जाते. नवशिक्यांच्या बहुतेक वाद्या अशाच तुटतात. एका ओढीत 0.2 ते 0.3 मिमीच काढा. 1.5 वरून 0.8 वर यायचं तर तीन फेऱ्या होतात, दर फेरीला दोन-तीन कागद वाढवायचे. वादी गल्लीत थोडी डावी-उजवी सरकली तरी जाडी बदलत नाही. उलट धारेचा एक भाग बोथट झाला की मुद्दाम शेजारून ओढा.

वेणीसाठी कडाही मोडाव्या लागतात, म्हणजे खरबरीत बाजूच्या दोन्ही कडा तिरक्या तासायच्या, मग पदर एकमेकांवर नीट बसतात. याच तासणीत सनमायकाच्या एका कडेखाली काडेपेटीची काडी ठेवून पट्टी कलती करा आणि फट पुन्हा बसवून वादी दोनदा ओढा, एकदा या टोकाकडून आणि एकदा त्या टोकाकडून. ही गोष्ट उरलेल्या तुकड्यांवर पाच-सहा वेळा करून पाहिल्याशिवाय चांगल्या वादीवर करू नका.

गोल वादी हवी असेल तर अॅल्युमिनियमच्या पट्टीत 3, 2.5 आणि 2 मिमीची भोकं पाडा, कडा पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा, आणि कडा मोडलेली दमट वादी मोठ्या भोकापासून लहानाकडे ओढत जा. सोनार तार बारीक करतो त्याच रीतीनं.

धार

कटरचं नवं पातं धारदार वाटलं तरी त्याची कड खडबडीत असते. चामड्याचा एक तुकडा लाकडावर चिकटवा, त्यावर हिरवी पॉलिशची वडी घासा, आणि पातं धार मागे ठेवून दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा ओढा. बसवण्याआधी हे केलं की ओढायला लागणारा जोर स्पष्ट कमी होतो. काम करताना जोर वाढायला लागला, की पातं बदला. बोथट पात्यावर जोर लावणं हेच या कामातलं खरं धोक्याचं आहे, कारण वादी अचानक सुटते आणि हात कुठेही जातो.

काही बिघडलं तर

वादी मध्येच रुंद होते: फटीची उंची जास्त झाली. मध्येच अरुंद होते: चकतीची कड पट्टीपासून सुटली, टेकण्याचा बिंदू धारेच्या मागे राहिला, किंवा पक्कड फार लांब धरली. खालच्या बाजूला केसाळ कड येते: पात्याचं टोक चरात पुरेसं उतरलेलं नाही. तासताना एक कड पातळ निघते: पात्याची दोन टोकं सारख्या उंचीवर नाहीत. सगळं बरोबर असून चामडं पात्यापुढे चुण्या घेत असेल, तर एकतर धार गेली आहे किंवा चामडं पोटाकडचं आहे.

एक सूचना तबला दुरुस्त करायच्या विचारात असलेल्यांसाठी. दाहिन्याच्या, म्हणजे उजव्या तबल्याच्या, गजऱ्याला (पुडीभोवतीच्या चामड्याच्या वेणीला) 16 घरं असतात आणि वादी प्रत्येक घरातून खाली-वर जाते, म्हणजे नुसत्या उंचीचा हिशेब केला तरी आठ मीटरच्या आसपास लागते. एवढी लांबी या कटरवर मोठ्या चकतीतून निघेल. पण तबल्याची वादी जाड, कणखर असते आणि तिच्यावर फार मोठा ताण असतो. वर सांगितलेली 0.8 मिमीची वादी तिथे टिकणार नाही. तिथे तबला बनवणाऱ्या कारागिराकडची वादीच घ्या.

तयार वादीला खोबरेल किंवा एरंडेलाचा हात फडक्यानं अगदी हलका लावा, सैल गुंडाळी करून कापडी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ठेवली तर पावसाळ्यात हमखास बुरशी धरते. हत्यारं ठेवताना दोन्हींच्या धारेवर रबरी नळीचा किंवा जुन्या सायकलच्या ट्यूबचा उभा चिरलेला तुकडा बसवा, आणि लहान मुलांचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवा. पुढच्या वेळी काम सुरू करताना आधी टाकाऊ तुकड्याची वीतभर वादी काढून पाहा. हवामान बदललं की लाकूडही किंचित फुगतं, आणि एखादा कागद कमी-जास्त करावा लागतो.